प्रकाश अडवणारी सोनाली

आमच्या गच्चीला दर मार्चमध्ये चुना मारावाच लागतो. सोलापुरात वरचा मजला भाड्यानं द्यायचा आणि गच्ची तशीच ठेवायची म्हणजे मे महिन्यात भाडेकरूला भाजून काढणं. त्या वर्षी चुना मारून झाला, गडी हातपाय धुऊन गेले आणि माझी नवी भाडेकरू गच्चीत उकिडवी बसून त्या पांढऱ्या जमिनीकडे बघत राहिली. मी म्हटलं, "काय गं, पांढरा रंग कधी पाहिला नाहीस का?" तर वर न बघता म्हणाली, "मॅडम, पांढरा हा रंगच नाही. ह्या चुन्यातला एक कणसुद्धा पांढरा नाहीये."

मी कॉलेजात मराठी शिकवते. शब्दाचा कीस काढणं हे माझं काम, आणि ते दुसऱ्यानं माझ्या गच्चीत येऊन केलेलं मला खपत नाही. मी तिला चांगलं झापणार होते. तेवढ्यात तिनं विचारलं, "खडीसाखर आरपार दिसते की नाही? आणि पिठीसाखर?" मी म्हटलं, पांढरी. "साखर तीच ना? नुसती कुटली म्हणून पांढरी झाली. प्रकाश आत शिरतो, ह्या कणावरनं त्या कणावर आपटतो, भटकतो आणि कुठनं तरी बाहेर येतो. त्या भटकण्याला आपण पांढरं म्हणतो." स्वयंपाकघरातली उदाहरणं देऊन माझं तोंड बंद करणारी माणसं मला आवडत नाहीत. ही आवडली.

सोनाली बिरप्पा मेटकरी. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला, जिथं बोलताना निम्मं कानडी येतं, तिथल्या मेंढपाळाची मुलगी. वडील बिरप्पा पावसाळा सरला की मेंढरं घेऊन बाहेर पडायचे, ते पुढच्या पावसालाच घरी. लहानपणी सोनालीही बरोबर असायची, त्यामुळे तिची शाळा एका गावात सुरू व्हायची आणि परीक्षा तिसऱ्याच गावात. तिला गणित कुणी शिकवलं हे तिलाही नीट सांगता येत नाही. पण एमएस्सीला ती वर्गात पहिली आली, आमच्याच कॉलेजात तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवायला लागली आणि पीएचडीला बसली. विषय स्वतःच काढला होता. चुन्याच्या थरातून प्रकाश कसा जातो. स्टाफरूममध्ये एकानं लगेच, "विद्यापीठाला चुना लावणार म्हणा की," असा विनोद केला. तो विनोद पुढं सगळ्यांनी आळीपाळीनं केला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यालाच सुचलाय.

तिच्यापुढं एकच घोर होता. पीएचडीची मुदत संपली होती, वाढवून घेतलेलीही संपत आली होती. जूनअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात. घरी बिरप्पांनी भावकीला सांगून ठेवलेलं, पोरगी डागदर झाल्याबिगर तिच्या लग्नाचं बोलायचं न्हाय. भावकी जूनची वाट बघत होती.

तिचं काम काय होतं ते मला समजलं तसं सांगते. चूक असेल तर ती माझी. गड्ड्याच्या जत्रेत ऐन गर्दीत शिरलेला माणूस सरळ जात नाही. इकडून धक्का, तिकडून धक्का, कसाबसा पलीकडे निघतो किंवा शिरला त्याच बाजूनं बाहेर फेकला जातो. पांढऱ्या थरात प्रकाशाचं तसंच होतं. थर दुप्पट जाड केला तर पलीकडे निम्मा प्रकाश पोचतो. हे झालं साधं भटकणं. पण शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की गर्दी फारच दाट आणि वेडीवाकडी झाली तर प्रकाशाच्या वाटाच एकमेकींना मारतात आणि तो आत जागच्या जागी अडकून पडतो. संपत नाही, विझत नाही, नुसता अडकतो. असा अडकलेला प्रकाश पांढऱ्या भुकटीत पकडल्याचं जगात भल्याभल्यांनी जाहीर केलं होतं, आणि मागाहून शब्द मागे घेतले होते.

आणखी एक गंमत होती. जो प्रकाश भटकून नेमका आल्या दिशेनं परत फिरतो, तो आजूबाजूच्या प्रकाशापेक्षा जवळजवळ दुप्पट उजळ असतो. कारण प्रत्येक वाट दोन्हीकडून चालली जाते, आणि दोन्हीकडून आलेले किरण नेमके त्या एकाच दिशेला हातात हात घालून बाहेर पडतात. कॉम्प्युटरवर त्याचा डोंगर दिसतो. प्रकाश मोकळा भटकत असेल तर डोंगराचं शिखर सुईसारखं टोकदार. आत लांब गेलेला प्रकाश परत येत नसेल तर शिखर बोथट. हे सगळं मोजायचं कॉलेजच्या मागच्या एका खोलीत, खिडक्यांना काळा कागद लावून आणि पंखा बंद करून, कारण पंख्यानं यंत्रं हलतात. मे महिना, सोलापूर, पंखा बंद. मी एकदा डबा द्यायला आत गेले आणि माघारी पळाले.

चुना बाजारातला चालत नव्हता, त्यात माती फार. म्हणून तो तिची आई गोजाबाई गावाकडून करून पाठवायची. कळीचा चुना डेऱ्यात भिजवायचा, निवू द्यायचा, मग लुगड्याच्या धडप्यातून वस्त्रगाळ करायचा. गोजाबाईंनी पाठवलेला चुना बघून सोनालीचे मार्गदर्शक वीरभद्रप्पा सरसुद्धा, "छलो अद," म्हणजे छान आहे, म्हणाले. सर अक्कलकोटकडचे. त्यांना फार बरं वाटलं की कानडीत बोलतात आणि फार वाईट वाटलं की गप्प बसतात.

तर झालं असं. एप्रिलमध्ये सोनालीनं चुन्याचे जाडजाड थर लावून लाल लेसर सोडला आणि थर दुप्पट केल्यावर पलीकडे निम्मा प्रकाश येण्याऐवजी नखाएवढा आला. आणखी जाड केला तर तोही गेला. तिनं परत फिरलेल्या प्रकाशाचा डोंगर काढला. शिखर बोथट. म्हणजे दोन्ही खुणा एकच सांगत होत्या, आत गेलेला प्रकाश अडकलाय. जे भल्याभल्यांना साधलं नाही, ते हिच्या आईच्या चुन्यानं केलं होतं. सोनाली घरी आली ती पायऱ्या चढून वर न जाता माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, अडला." मला आधी वाटलं पाऊस किंवा एसटी.

वीरभद्रप्पा सर गप्प बसले. चुन्याचे कण प्रकाशाला अडकवण्याएवढे जोरकस नसतात, असं व्हायला नको, परत बघू, एवढंच म्हणाले. पण प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं. आमचे प्राचार्य कुठल्याही आनंदाचा फ्लेक्स करतात. दुसऱ्या दिवशी गेटवर हा भला मोठा फ्लेक्स, "सोलापूरच्या कन्येने प्रकाशाला केले जेरबंद!" त्यात प्राचार्यांचा फोटो दारासारखा आणि सोनालीचा कोपऱ्यात खिडकीसारखा. पेपरात बातमी आली. गावाकडे त्याहून मोठा फ्लेक्स लागला, "प्रकाश अडवणाऱ्या सोनालीताई यांचे हार्दिक अभिनंदन", खाली अख्ख्या भावकीचे चेहरे. गोजाबाई फ्लेक्सखाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "चुना माजा हाय बरं का."

सगळीकडे पेढे वाटले जात होते. सोनालीला मात्र तिच्याच प्रयोगावर भरवसा वाटत नव्हता. म्हणाली, "मॅडम, लाल अडतोय हे मी बघितलं. बाकीचे रंग बघितलेच नाहीत. खरंच अडकत असेल तर दुसऱ्या रंगाचंही थोड्याफार फरकानं तेच व्हायला पाहिजे." विभागात निळा लेसर नव्हता. मागवायचा तर जून उलटला असता. मग तिला सुचलं की शहरात निळे लेसर कुणाकडे असतात. डीजेवाल्यांकडे! आपल्या मिरवणुकीत रात्रभर डोळ्यांत घुसतात ते. साखर पेठेतल्या मल्लेशकडे आम्ही दोघी गेलो. त्याला आधी वाटलं मराठीच्या मॅडमकडे लग्न आहे. सोनालीनं त्याचा एक दिवा निवडला, काळ्या काचा लावून तो मवाळ केला आणि कॉलेजात नेला.

मी खोलीच्या दारात बसून होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला काही विचारायची गरज पडली नाही. निळा प्रकाश त्याच थरांतून बिनदिक्कत पार होत होता. थर दुप्पट, तर प्रकाश निम्मा. डोंगराचं शिखर टोकदार. जत्रेतल्या गर्दीतून माणूस बाहेर यावा तसं सगळं साधंसुधं. ती भिंतीला टेकून म्हणाली, "लाल तेवढा खाल्ला जातोय. अडकत नाहीये, खाल्ला जातोय. निळी वस्तू लाल प्रकाश गिळते. चुन्यात काहीतरी निळं आहे."

तिनं तिथूनच आईला फोन लावला. "आये, चुन्यात काय घालतीस गं?"

"काय न्हाय बाई. कळी अन् पाणी."

"आनी?"

"आनी काय? चिमूटभर नीळ. निळीबिगर चुना पिवळट दिसतोय की. तुज्या कालेजात धाडायचा, लोक काय म्हनतील?" पलीकडून गोजाबाई हसल्या. "लई भारी दिसतोय न्हवं?"

सोनालीनं डोळे मिटले. "व्हय आये. लई भारी दिसतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मला त्या बाईचा रागही आला नाही. आमच्याकडे चुन्यात नीळ घालू नये असं म्हणणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. माझ्या गच्चीतल्या चुन्यातसुद्धा असते. धोतरात नीळ, उशीच्या अभ्र्यात नीळ, भिंतीला नीळ. पांढरं अजून पांढरं दिसावं म्हणून आम्ही त्यात निळं घालतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. सोनाली त्याच घरात वाढली, म्हणून तर तिला विचारावंसं वाटलं नाही. पुण्या-मुंबईच्या मुलीनं बाटलीतला चुना आणला असता आणि वाचली असती.

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. वीरभद्रप्पा सर होतेच. मलाही बोलावलं, कारण मी मोठी, मी समजावीन असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "प्रबंधात लाल लिहिलंय ना? मग लालच ठेवा. निळ्या दिव्याचं कुणी विचारलंय का तुम्हाला?" तोडगा मोठा सोयीचा होता. प्रबंध टाइप झालेला, जून तोंडावर आलेला, फ्लेक्स लागलेला. नवीन मोजमापं करायची तर सगळं पहिल्यापासून, आणि वेळ नव्हता. सोनालीनं वीरभद्रप्पा सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "निर्णय तुझा. मी दोन्हीकडे सही करणार नाही, एकीकडेच करीन. कुठं ते तुला माहीत आहे."

ती उठली, शिपायाकडून शिडी घेतली आणि भर दुपारी गेटवर चढली. मुलं बघायला जमली. फ्लेक्सच्या सुतळ्या तिनं एकेक करून कापल्या. तो खाली आला तेव्हा प्राचार्यांचा चेहरा रस्त्यावर पसरला होता. मला त्या क्षणी एवढा अभिमान वाटला की मी शिडी धरायची सोडून टाळ्या वाजवल्या आणि ती पडता पडता राहिली. पेपरलाही तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. त्यांनी बातमी आत कुठंतरी चार ओळींत छापली.

गावाला हे मोबाइलवर आधी कळलं. दोनेक दिवसांत गोजाबाई न सांगता आमच्या दारात. मंगळवेढ्याहून एसटीनं आलेल्या, डोक्यावर पाटी, पाटीत कळीचा चुना, डोळे सुजलेले. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. सोनाली खाली आली तशी म्हणाल्या, "माज्यामुळं झालं व्हय गं? माज्या हातानं तुजं वाटुळं झालं म्हनत्यात."

सोनाली तिच्यापुढं बसली. "तुज्यामुळं न्हाय. म्या इचारलं न्हाय तुला. सगळ्या जगाला इचारत फिरले, आईला कसं करतीस म्हनून एकदाबी इचारलं न्हाय." मग दोघी रडल्या. मीही जरा रडले, कुणी बघितलं नाही.

रडून झाल्यावर सोनाली एकदम ताठ बसली. मला तिची ती बसण्याची तऱ्हा माहीत होती, गच्चीत बसली होती तशीच. म्हणाली, "आये, नीळ किती घातलीस ते तुला कळतंय का? कमी, जास्त?" गोजाबाई म्हणाल्या, हाताला कळतंय. "मग मला सगळे चुने करून दे. एक बिननिळीचा. एकात चिमूट, एकात तिच्या निम्मी, एकात दुप्पट. मोजायला काटा हाय माज्याकडं, पण करायचं तू." प्रकाश अडल्याचं सोंग नीळ कसं आणते आणि ते सोंग ओळखायचं कसं, हाच आता तिचा प्रबंध होणार होता. लालात बोथट आणि निळ्यात टोकदार, म्हणजे खाल्लेला. दोन्हीकडे बोथट राहिला तर मग खरंच विचार करायचा. ज्या खड्ड्यात भलेभले पडले, तो खड्डा तिनं पडल्या पडल्या मोजायला घेतला.

पुढचे दिवस आमचं अंगण भट्टीवानी तापलं. डेऱ्यांत चुना खदखदत होता, गोजाबाई डोईवर पदर घेऊन ढवळत होत्या, माझी जाईची वेल वाफेनं होरपळून गेली. गोजाबाईंना माझा स्वयंपाक आवडला नाही, त्यांनी चुलीचा ताबा घेतला. मला त्यांचं तिखट सोसलं नाही, पण मी गप्प खाल्लं. सोनाली सकाळी जायची ती काळ्या खोलीतून घामानं निथळत बाहेर यायची. थर लावायचे, ते छोट्या मोटरवर फिरवायचे, म्हणजे प्रकाशाचे वेडेवाकडे ठिपके पुसले जाऊन डोंगर तेवढा उरतो, लाल सोडायचा, निळा सोडायचा. बिननिळीच्या चुन्याचं शिखर पहिल्यांदा लाल प्रकाशात टोकदार आलं, तेव्हा वीरभद्रप्पा सर कॉरिडॉरमधून कानडीत ओरडत आले. मला शब्द कळले नाहीत, पण ते गप्प नव्हते.

जूनच्या शेवटच्या दिवसांत, खिडकी बंद होता होता, प्रबंध दाखल झाला.

तोंडी परीक्षा थंडीत लागली. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून बिरप्पा मेंढरं भावाकडे टाकून आले. पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडं. गोजाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई ठेंगण्या, पायात बूट, हसण्याचं नाव नाही. त्यांचा एक शब्द, आणि पोरगी डॉक्टर किंवा काहीच नाही. सोनाली इंग्रजीत बोलली, छान बोलली. बाईंनी ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्ही प्रकाश पकडल्याची बातमी मी पेपरात वाचली होती."

प्राचार्यांनी छताकडे पाहिलं.

"हो मॅडम," सोनाली म्हणाली. "ती बातमी चुकीची होती. प्रकाश पकडला नव्हता, निळीनं खाल्ला होता. चौथं प्रकरण त्याचंच आहे."

"कागदावर सगळेच फरक ओळखतात. मला दाखवाल? आत्ता, माझ्यासमोर?"

काळ्या खोलीत आम्ही कसेबसे मावलो. बाई, सर, आईवडील, मी. प्राचार्य दारात अडकले ते बाहेरच राहिले. बाईंनी सोनालीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, चुन्याच्या ताटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि ताटल्या पत्त्यांसारख्या मिसळल्या. नुसत्या डोळ्यांनी सगळ्या सारख्याच पांढऱ्या. मग दिवा मालवला आणि पहिली ताटली त्यांनी स्वतः मोटरवर बसवली.

लाल लेसर सुरू झाला. पडद्यावर डोंगर हळूहळू वर आला. शिखर टोकदार. "बिननिळीचा," सोनाली म्हणाली.

दुसरी ताटली. लालात शिखर चेपलेलं. तिनं निळा सोडला, शिखर टोकदार झालं. "नीळ आहे. पूर्ण चिमूट."

तिसरी. लालात जरासंच बोथट. इथं ती थांबली. अंधारात मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि गोजाबाईंनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. सोनालीनं पुन्हा निळा सोडला, पुन्हा लाल, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. "निम्मी चिमूट," ती म्हणाली. बाईंनी चौथी ताटली लावली. डोंगर वर आला तशी सोनाली म्हणाली, "मॅडम, ही नवी नाही. मघाचीच दुसरी तुम्ही परत लावलीय."

अंधारातून बाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजात पहिल्यांदाच हसू होतं.

"बरोबर. डॉक्टर, आता दिवा लावा."

बिरप्पा माझ्या कानाशी वाकले. "डागदर म्हनल्या व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून दुसरा शब्द आलाच नाही. "डॉक्टर म्हणाल्या."

बिरप्पांचा हात कनवटीला गेला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" ते गरजले आणि मूठभर भंडारा त्या काळ्या खोलीत उधळला. वीरभद्रप्पा सर, "अरे, अरे, भिंगं!" म्हणून ओरडले, पण तोवर हळद सगळ्या हवेत पसरली होती. आणि त्या हळदीत, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक लाल रेघ उमटली. सरळ, बारीक, झगझगीत. इतके दिवस आम्हाला प्रकाश दिसला होता तो निघताना नाहीतर पोचताना. मधला कुणीच पाहिला नव्हता.

"ह्यो हितंच हुता व्हय गं?" गोजाबाईंनी विचारलं.

"हितंच हुता आये." सोनाली रडत होती आणि हसत होती. परीक्षक बाईंच्या केसांवर हळद पडली होती, त्यांनी ती झटकली नाही.

गोजाबाई पुढं झाल्या. चुन्यानं सोलवटलेला आपला हात त्यांनी रेघेच्या आड धरला. रेघ तिथं थांबली आणि तळव्याच्या मधोमध लाल ठिपका बसला. त्यांनी तो नीट बघितला, अलगद मूठ मिटली आणि लेकीकडे वळून ओरडल्या, "घावला की गं सोने, घावला!"